नवे स्पीकर घेण्याआधी जुन्यांची जागा बदलून बघा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरच्या म्युझिक सिस्टिमवर पानभर मजकूर आला होता, किती वॉट, किती चॅनल, ब्लूटूथ आहे का, हप्ता किती बसेल, सगळं होतं, पण ते खोके घरात ठेवायचे कुठे ह्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. मला फार चुटपुट लागली म्हणून लिहायला बसले. आपल्या इंदूरात आवाजाबद्दल पत्र आलं की ते बहुतेक डीजेच्या तक्रारीचं असतं, माझं तसं नाही, माझं म्हणणं घरातल्या गाण्याबद्दल आहे आणि ते एवढंच की स्पीकर बदलायच्या आधी त्यांची जागा बदलून बघा. एक मेजरिंग टेप, खडूचा तुकडा आणि दोन-तीन रविवार, एवढंच लागतं.

घडलं काय ते सांगते. आमचं जुनं घर रामबागेत. पुढच्या खोलीला लाकडी छत, खाली सतरंजी, तिच्यावर गाद्या-लोड, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट आणि समोर दादांचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, स्टिरिओ. एक अॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर, बस. रविवारी सकाळी पोहे झाले की दादा कॅसेट लावायचे आणि मग कुणी बोलायचं नाही. त्या खोलीत गाणारा माणूस खरंच समोर येऊन बसलाय असं वाटायचं, डावीकडे एक तानपुरा, उजवीकडे एक, मधे गळा, तबला जरा मागे सरकून. स्पीकर दोन आहेत हे लक्षातही यायचं नाही. दादा चार वर्षांपूर्वी गेले, घर विकलं गेलं आणि सेट माझ्याकडे बायपासच्या फ्लॅटमधे आला. इथला हॉल १६ फूट बाय ११, उंची साडेनऊ, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, डाव्या हाताला बाल्कनीची अख्खी सरकती काच आणि उजव्या हाताला जेवणाच्या जागेकडे सगळं मोकळं. फिटिंगला आलेल्या मुलानं दोन्ही स्पीकर सात फूट उंचीवर, दोन कोपऱ्यांत, अँगल ठोकून लावून दिले. दिसायला नीटनेटकं दिसलं. पण रात्री दादांच्या आवडीचं गाणं लावलं आणि मला रडू आलं, ते आठवणीनं नाही आलं, तर ते गाणं राहिलंच नव्हतं म्हणून आलं. गळा कुठूनच येत नव्हता, नुसता खोलीभर पसरलेला, खर्ज घुमतोय पण त्यात दम नाही, शब्द तर धुतल्यासारखे.

दुकानात दाखवलं. तिथे म्हणाले मॅडम कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, गेलाय, जुना माल आहे, एक्स्चेंजमधे देऊन टाका, आणि चाळीस हजारांचं कोटेशन हातात दिलं, वर सबवूफर वेगळा. दोन दुकानं झाली, दोन्हीकडे हेच. तुमची खोली केवढी आहे, स्पीकर कुठे लावलेत, तुम्ही बसता कुठे, ह्यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. मी सत्तावीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलंय, रेझोनन्स ट्यूबमधलं पाणी वर-खाली करून हवेच्या खांबाची लांबी बदलली की सूर कसा उभा राहतो हे शेकडो मुलांना दाखवलंय, तर म्हटलं खोली म्हणजेसुद्धा एक हवेचा खांबच आहे की, आडवा. आधी ते बघू, मग चाळीस हजार.

पहिली चूक अगदी साधी निघाली. एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट जोडल्या होत्या. असं झालं की डावा पडदा पुढे येतो तेव्हा उजवा मागे जातो, दोघं एकमेकांचा खर्ज खाऊन टाकतात आणि मधोमध यायचा गळा मधे येतच नाही. हे तपासायला काही लागत नाही, अॅम्प्लिफायरपासून वायरी सोडवायच्या आणि दीड व्होल्टचा साधा सेल एक क्षणभर वायरीच्या टोकांना लावायचा, धन बाजू लाल वायरीला, की वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा टक् करून बाहेर येतो. एकाचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला तर एका स्पीकरची जोडणी उलट आहे. मला वाटतं ज्यांच्या घरी सेट हलवलाय किंवा रंगकामाच्या वेळी वायरी काढल्या होत्या त्यांनी हे आजच बघावं.

मग स्पीकर खाली उतरवले. बारीक स्वर, स-श-त सारखी व्यंजनं, मंजिऱ्यांची किणकिण हे सगळं वरच्या छोट्या ट्वीटरमधून येतं आणि ते टॉर्चच्या झोतासारखं सरळ जातं, सात फुटांवर लावलं तर आपल्या डोक्यावरून निघून समोरच्या भिंतीवर. म्हणून ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. हे पुस्तकांत खुर्ची-सोफा धरून सांगतात, पण आपल्याकडे खाली गादीवर बसून ऐकायची पद्धत आहे, तर टेप लावून मोजलं, सोफ्यावर माझा कान जमिनीपासून ३८ इंचांवर येतो आणि गादीवर ३० वर. आठ इंचांचा फरक ट्वीटरला कळतो. मी गादीवर बसणारी म्हणून त्या हिशेबानं वेल्डरकडून चौकोनी पाइपचे दोन स्टँड करवून घेतले, पाइपात कोरडी वाळू भरली, वर कोटा स्टोनचा तुकडा आणि स्पीकरखाली जुन्या रबरी चपलेचे चार-चार तुकडे. कोपरा सुटला हेही महत्त्वाचं, कारण कोपऱ्यात दोन भिंती आणि वर छत असे तिघं मिळून खर्ज परत फेकतात आणि तो फुगतो, भरदार वाटतो थोडा वेळ, मग तोच कानाला शिणवतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायचीय ती. स्पीकर मी त्यांच्या मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर ठेवले होते, बऱ्यापैकी पुढे आणले असं समजून. तरी पुरुष गायक लावला की त्याचा षड्जच, म्हणजे सा, पोकळ लागायचा. बाकीचे स्वर ठीक, सा आला की पायाखालची फळी काढल्यासारखं. मला आधी वाटलं रेकॉर्डिंगच तसं असेल. मग मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अॅप स्पीकरला जोडलं, काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर, लावली, आणि खोलीत उभं राहून ऐकलं, खरंच सा दबलेला. काळी दोन लावली तर जरा बरा, पांढरी चार लावली तर ठणठणीत. तेव्हा वही काढली. वूफरमधून खालचा सूर चहूबाजूंनी पसरतो, मागेसुद्धा जातो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि हे जाणं-येणं जर बरोबर अर्ध्या लहरीएवढं झालं तर परत आलेला आवाज पुढे जाणाऱ्याला पुसतो. म्हणजे भिंतीपासूनचं अंतर लहरीच्या चौथाई. आपल्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास, दोन फूट म्हणजे ०.६१ मीटर, त्याच्या चौपट २.४४, भागाकार केला तर आले १४१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. आणि काळी एकचा खालच्या सप्तकातला सा, जो पुष्कळ पुरुष गायकांचा सा असतो, तो १३८ आणि १३९ च्या मधे! म्हणजे मी मोठ्या काळजीनं स्पीकर नेमके तिथे ठेवले होते जिथे भिंत गायकाचा षड्ज पुसत होती. दुकानदार ज्याला कोन गेलाय म्हणाला त्यातलं निम्मं हे होतं.

एक फूट पुढे आणले. तीन फुटांवर तो खड्डा ९४ हर्ट्झला जातो, षड्जाच्या पुष्कळ खाली, तिथे तबल्याच्या डग्ग्याचं थोडं जातं पण गळ्याचं फारसं काही जात नाही. उलट एक फुटावर ठेवले असते तर तो २८३ ला आला असता, म्हणजे गळ्याच्या अगदी मधोमध. पुन्हा काळी एक लावली आणि सा असा उभा राहिला की स्वयंपाकघरातून सूनबाई बाहेर आली, आई काय बदललंत म्हणून. मी म्हटलं एक फूट. ज्यांना गाता येतं, नुसतं सुरात गुणगुणता येतं, त्यांनी हे करून बघाच, तानपुरा अॅप बारा स्वरांत फिरवायचं आणि कुठला सूर खोलीत बुडतो आणि कुठला उगाच गर्जतो ते टिपायचं, कुठल्याही मीटरपेक्षा आपल्या लोकांचा कान ह्यात तयार आहे.

गर्जणाऱ्या सुरांचं कारण वेगळं, ते खोलीच्या मापाचं. समोरासमोरच्या दोन भिंतींत जी लहर बरोबर अर्धी बसते ती तिथेच झुलत राहते. ११ फुटांत ५१ हर्ट्झ, १६ फुटांत ३५ आणि तिची दुप्पट ७०. खोली जर १० बाय १० आणि छतही १० फूट असेल तर तिन्ही बाजूंचा सूर एकच, ५६-५७, आणि मग एकच नोट ढोलासारखी वाजते, म्हणून चौकोनी बेडरूममधे स्टिरिओ लावायचं टाळावं, हे मी सगळ्यांना सांगते. आणि ह्या झुलत्या लहरींचा दाब, जो कानाला ऐकू येतो, भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो. आपण काय करतो, सोफा नेमका मागच्या भिंतीला टेकवतो, का तर मधे जागा मोकळी दिसते. तिथे बसलं की सगळेच खर्ज सुजलेले ऐकू येतात. बरोबर मधोमध बसलं तर काही सूर गायब. जाणकार लोक खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा म्हणतात, कुठल्यातरी एका भिंतीपासून, हा काही नियम नाही पण सुरुवात करायला चांगला. माझ्या हॉलमधे ते माझ्या पाठीमागच्या भिंतीपासून सहा फूट आलं, तिथे गादी टाकली. स्पीकर एकमेकांपासून सात फूट आणि माझ्यापासून प्रत्येकी पावणेआठ, म्हणजे जवळजवळ समभुज त्रिकोण झाला. हा त्रिकोण मात्र सोडू नये. आणि दोन्ही अंतरं टेपनं मोजा, अंदाजानं नको, कारण एक स्पीकर चार-सहा इंचसुद्धा जवळ असला तर गळा त्या बाजूला सरकतो.

जुळलंय की नाही हे कसं कळेल, तर मोनो रेकॉर्डिंग लावा. लोक म्हणतात जुनं मोनो म्हणजे निकामी, पण जागा तपासायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण दोन्ही स्पीकरमधून अगदी तेच निघतं तेव्हा आवाज बरोबर मधे, हवेत, जिथे स्पीकर नाहीच तिथून आला पाहिजे. लताबाई ह्याच शहरात १९२९ साली जन्मल्या, त्यांची १९५० च्या दशकातली गाणी सगळी मोनो, एक लावा आणि डोळे मिटून बोटानं दाखवा गळा कुठे आहे. बोट मधे गेलं तर जुळलं. उस्ताद अमीर खाँसाहेबांची जुनी रेडिओची रेकॉर्डिंग्जही अशीच, त्यांचा खर्जातला विलंबित आलाप सुरू झाला की खोलीचं सगळं खोटं उघडं पडतं. स्टिरिओची कल्पना इंग्लंडात अॅलन ब्लुमलाइन नावाच्या इंजिनिअरनं १९३१ साली पेटंट केली, सिनेमात नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून हे त्याला खटकलं होतं, म्हणजे मूळ मुद्दाच जागेचा होता, मोठ्या आवाजाचा नव्हता.

माझं बोट मात्र मधे जात नव्हतं, दर वेळी डावीकडे, काचेकडे. डाव्या स्पीकरचा आवाज सरळ माझ्याकडे येतो तसाच काचेवर आपटूनही येतो, अंतर मोजलं तर तो अडीच फूट जास्त चालतो, म्हणजे दोन मिलिसेकंद उशिरा. इतक्या थोड्या फरकानं आलेला आवाज कान वेगळा धरत नाही, पहिल्यातच मिसळून टाकतो, जर्मनीत हेल्मुट हास ह्यांनी १९४९ मधे आपल्या प्रबंधात हेच तपासलं होतं. वेगळा ऐकू येत नाही पण चित्र फिस्कटवतो. उजवीकडे भिंतच नाही, तिकडून परत काही येत नाही, म्हणून तोल डावीकडे. काच कुठे आवाज परतवतेय ते शोधायला सूनबाईनं छोटा आरसा काचेला टेकवून हळूहळू सरकवत नेला, मी गादीवर बसले, ज्या जागी मला आरशात स्पीकर दिसला तिथे खडूची खूण. तेवढ्या भागावर जाड सुती पडदा, तोही भरपूर चुण्यांचा, ताणून सपाट लावलेला नाही. ती नाजूक जाळीची शिअर कर्टन्स असतात त्यांचा काही उपयोग नाही, आवाज आरपार जातो. शिवाय दोन्ही स्पीकर थोडे आत वळवले, माझ्या डोक्याच्या मागे एक-दीड फुटावर रोख राहील असे, म्हणजे काचेवर कमीच पडतं. पडदा लावला त्या संध्याकाळी गळा मधे आला. मी दादांच्या फोटोकडे बघत बसले होते बराच वेळ.

राहिलं ते खोलीचं घुमणं. हॉलच्या मधे उभं राहून एक टाळी वाजवा, मागोमाग टर्रर्र असं काही ऐकू आलं तर समजा दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. ह्या विषयाचा पाया हार्वर्डमधे वॉलेस सबाइन ह्या फिजिक्सच्या तरुण प्राध्यापकानं १८९५ मधे घातला, एका नव्या लेक्चर हॉलमधे शब्द कळत नव्हता, तर हा माणूस रात्री जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, इतक्या गाद्या ठेवल्या की घुमणं इतकं कमी, असं ऑर्गनची नळी वाजवून मोजायचा, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. मुलांना हे सांगताना मला नेहमी आपली बैठकीची खोली आठवायची. गाद्या, लोड, सतरंजी, वर लाकूड, उघडं पुस्तकांचं कपाट. आमच्या आजोबांनी सबाइन वाचला नव्हता, पण गाणं ऐकायची खोली कशी असते हे त्या पिढीला हातानं माहीत होतं आणि आपण ते टाइल्स आणि काचेच्या हौसेत सोडून दिलं ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. सबाइनच्याच सूत्रानं माझा हॉल रिकामा धरला, सगळं प्लास्टर-टाइल-काच, तर आवाज विरायला तीन सेकंदांच्या वर लागतात. घरात गाणं ऐकायला अर्धा सेकंद पुरे.

ह्यावर लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात, कृपा करून तसं करू नका, त्यानं काही होत नाही आणि आग धरतो तो पुठ्ठा. एक इंची फोमही नुसते बारीक स्वर खातो, मग गाणं मंद लागतं आणि खर्जाचा गोंधळ तसाच. लागते ती जाडी. मी पिंजाऱ्याकडून जुना कापूस पिंजून चार इंची गादी भरून घेतली आणि ती माझ्या पाठीमागच्या भिंतीशी उभी केली, भिंतीला चिकटवून नाही, मधे चार इंच हवा सोडून, कारण भिंतीला लागून हवा हलतच नाही, ती थोडी दूर जोरात हलते आणि कापसानं तिथे तिला अडवायचं असतं. वरून आईची गोधडी घातली. टाइल्सवर स्पीकर आणि माझ्या मधे सतरंजीची दुहेरी घडी. पुस्तकांचं कपाट उघडं, पुस्तकं मुद्दाम पुढे-मागे, म्हणजे आवाज सरळ न परतता विखरतो. खालचा ५१ आणि ७० चा खर्ज मात्र गाद्यांनी जात नाही, तो जागेनंच सांभाळावा लागतो, आणि माझ्याकडे ७० चा थोडा फुगवटा अजून आहे, त्यावर काम चालू आहे.

सगळ्याचा खर्च स्टँड, पडदा, पिंजारी धरून चार हजारांच्या आत. आणि एक गोष्ट मी धरली नव्हती ती झाली, आवाजाचं बटण. पूर्वी शब्द कळावेत म्हणून ते अर्ध्याच्या वर जायचं, आता एक चतुर्थांशाला शब्द न् शब्द कळतो. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगितलंय, त्याच्यावरून भांडणं पुष्कळ होतात, पण घरात किंवा मंडळाच्या हॉलमधे स्पीकर नीट ठेवले तर मोठ्यानं लावायची गरजच पुष्कळ कमी होते हे कुणी बोलत नाही. आमच्या भजनी मंडळाच्या हॉलमधे दोन्ही खोके स्टेजच्या मागे भिंतीला लावलेले आहेत, मागच्या बायकांना ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायचा आणि पुढच्यांचे कान दुखायचे, दर गुरुवारी हेच. मी त्यांना खोके पुढे आणून श्रोत्यांच्या कानांवर रोखायला सांगितलंय, पुढच्या गुरुवारी करून बघणार आहोत.

संपादक महोदय, माझी विनंती अशी की वास्तूवर, बागेवर, पडद्यांच्या रंगावर तुम्ही नियमित छापता तसं घरातल्या आवाजावरही अधूनमधून छापावं, इंदूरात ऐकणारी घरं पुष्कळ आहेत, पलीकडे देवासला गायक कुमार गंधर्व, आपले कुमारजी, राहायचे, त्यांच्या कॅसेट्स जपून ठेवलेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात, आणि त्यातल्या कितीतरींचे सेट आज नव्या फ्लॅटमधे वाईट वाजतायत म्हणून एक्स्चेंजला निघालेत. दुकानदारांनाही सांगणं आहे, गिऱ्हाइकाला आधी खोलीचं माप विचारा, नंतर वॉट सांगा.

वाचकांपैकी कुणी येत्या रविवारी करणार असेल तर सुरुवातीला स्पीकर जिथे आहेत तिथेच जमिनीवर खडूनं त्यांच्या चारी कडा आखून घ्या, मगच हलवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, तेच एक गाणं परत परत लावून. मी पहिल्या दिवशी खूण न करता सगळं एकदम हलवलं होतं आणि जरा बरी लागलेली जागा पुन्हा सापडायला दोन दिवस गेले.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर